कापडी ध्वनिशोषक पॅनेल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात एरंडवण्यात म्हात्रे पुलाजवळ असलेल्या आमच्या घरातील दहा बाय अकरा फुटांच्या खोलीत मी पुस्तकवाचनाचे ध्वनिमुद्रण करतो. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमुळे तेथे टाळी वाजवली की पाठोपाठ पत्रा झणझणल्यासारखा नाद उमटत असे. इंचभर जाडीचा फोम लावून पाहिला, परंतु त्याने वरच्या पट्टीचा नाद तेवढा शोषला. खालचा घुमारा तसाच राहिल्याने आवाज डब्यातून आल्यासारखा वाटू लागला. म्हणून फेब्रुवारीत मी रॉकवूलची, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या लोकरीची, आठ पॅनेल घरीच बनवली.

प्रत्येक पॅनेलमध्ये घनमीटरला ४८ किलो घनतेचा, ५० मिलिमीटर जाडीचा, १२०० बाय ६०० मिलिमीटरचा एक स्लॅब आहे. चौकटीसाठी पाइनच्या पट्ट्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आणल्या. कापड नीटनेटके दिसणे हे कापडापेक्षा चौकटीवर अवलंबून असते, हे पहिल्याच पॅनेलने शिकवले. गुण्या (काटकोन तपासण्याचे सुताराचे साधन) लावूनही त्या चौकटीच्या दोन कर्णांत सहा मिलिमीटरांचा फरक राहिला होता आणि कापड ताणल्यावर त्याचे आडवे धागे खालच्या काठाशी तिरके गेलेले स्पष्ट दिसत होते. पुढच्या सातही चौकटींचे कर्ण मी मोजून घेतले आणि दर्शनी कडा पॉलिश पेपरने गोल केल्या, कारण धारदार कडेवर कापडाला पांढरट रेघ पडते.

कापड निवडताना एका दुकानात मला रेक्झिनचा आग्रह झाला. तो सल्ला ऐकला असता तर सगळे श्रम वाया गेले असते. कापडाला तोंड लावून फुंकर मारली असता हवा सहज पलीकडे गेली पाहिजे, तरच आवाज आतल्या तंतूंपर्यंत पोहोचतो. मी चार पॅनेलना सुती हातमागाचे आणि चारांना पॉलिएस्टरचे विरळ विणीचे कापड लावले. स्टेपल गनची पहिली पिन लांब बाजूच्या मध्यावर, दुसरी तिच्या बरोबर समोर, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे, असा क्रम ठेवला. कोपरे शेवटी घेतले. तेथील जादा कापड कापून उरलेली घडी पाठीमागे एकाच दिशेने वळवली की बाजूने फुगवटा दिसत नाही. रॉकवूल हाताळताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून पाठीला काळे नॉन-वोव्हन कापड लावले आहे.

पॅनेल भिंतीला चिकटवलेली नाहीत, मागे ५० मिलिमीटरांची पोकळी आहे. भिंतीला लागून हवेच्या कणांची हालचाल जवळजवळ थांबते, त्यामुळे शोषक थोडा पुढे आणला की तो अधिक खालच्या स्वरांवरही काम करतो. झणझणाट पहिल्याच दिवशी गेला. ‘ल’ आणि ‘ळ’ आता हेडफोनवर स्वच्छ वेगळे ऐकू येतात, याचे समाधान मोठे आहे. मात्र अकरा फुटांच्या लांबीमुळे १०० हर्ट्झच्या आसपास येणारा घुमारा, जो नेमका माझ्या आवाजाच्या पट्टीत पडतो, कमी झाला नाही. दोन पॅनेल एकावर एक ठेवून कोपऱ्यात तिरकी उभी केली तेव्हा तो काहीसा उतरला.

बाहेरचा आवाज ही पॅनेल थांबवत नाहीत, कारण त्यांचे काम खोलीतला नाद शोषण्याचे आहे. गणपतीपूर्वी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, तेव्हा पूर्वीप्रमाणेच मला ध्वनिमुद्रण पहाटेवर न्यावे लागले.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैच्या दमट हवेत चारही सुती पॅनेल सैल पडली आणि बाजूने दिव्याचा प्रकाश पडताच खालच्या कोपऱ्यांशी लाटा दिसू लागल्या. पॉलिएस्टरची चार आजही ढोलाच्या पानासारखी ताठ आहेत. सुती कापड आधी धुऊन, इस्त्री करून लावायला हवे होते. दोन पॅनेलच्या पिना उपसून मी ते तसे पुन्हा बसवले आहे, उरलेली दोन दिवाळीपूर्वी उतरवणार आहे.