लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्री) व्यक्तिरेखा शिकवायच्या आहेत: ग्लोरिया की पेनेलोपी?

माध्यमांच्या वर्गात एकच अमेरिकन विनोदी मालिका दाखवता येणार असेल, तर ग्लोरियाची 'मॉडर्न फॅमिली' (२००९-२०२०) की पेनेलोपीची 'वन डे अ‍ॅट अ टाइम' (२०१७-२०२०)?

हशा कशावर पिकतो ते आधी बघा. कोलंबियन ग्लोरियाच्या बाबतीत तो बहुधा उच्चार, मोठा आवाज आणि घट्ट कपड्यांवर. नवरा श्रीमंत, वयाने बराच मोठा. म्हणजे लॅटिना बाईचा ठरलेला साचा जवळपास पूर्ण. तरी 'स्पॅनिशमध्ये मी किती हुशार आहे, माहीत आहे का?' असं ती वैतागून विचारते, तो प्रसंग साच्याला तडा देतो. क्यूबन-अमेरिकन पेनेलोपी सैन्यातून परतलेली परिचारिका. घटस्फोट, नैराश्याची औषधं, मुलीची किन्सेन्येरा (पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा) या सगळ्यातून तिची विनोदबुद्धी दिसते. आजी लिडिया (रिटा मोरेनो) मात्र नाटकीच. तिथे साचा पुरता सुटलेला नाही.

वेळेचं गणित सोपं: 'मॉडर्न फॅमिली'च्या २५० भागांतून निवडक तुकडे काढावे लागतात, तर पेनेलोपीच्या मालिकेच्या ४६ भागांतला पहिला सीझन सलग दाखवता येतो.

साचा ओळखायला शिकवायचं असेल तर ग्लोरिया. पटकथालेखनाच्या विद्यार्थ्यांना पेनेलोपी, त्यातही दुसऱ्या सीझनमधला ती औषधं बंद करते तो भाग.