गडी गावचा की नेपाळचा?

रत्नागिरीत आंब्याच्या कलमांच्या राखणीला नेपाळी गडी, बोटींवरही नेपाळी खलाशी. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. यावरून वाडीत दोन तट.

पहिला म्हणतो, आधी भूमिपुत्र. मुद्दा पोकळ नाही: बाहेरचा गडी स्वस्तात मिळाला की गावच्या माणसाची मजुरी अडते. याला उजवं म्हणावं, तर डेन्मार्कमध्ये 2019 साली सत्तेवर आलेले सोशल डेमोक्रॅट डाव्या परंपरेतले, आणि स्थलांतराबाबत चांगलेच कडक.

दुसरा म्हणतो, येऊ देत. मग हे डावं? अमेरिकेत 1986 च्या कायद्याने सुमारे 27 लाख स्थलांतरितांना अधिकृत वास्तव्य मिळालं, त्यावर सही उजव्या रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष रेगन यांची. आमच्याकडेही दाराची कडी आधी काढतो तो बागायतदार. (माणुसकीने नव्हे हो, आंबा उतरवायची घाई!)

मला दुसरं पटतं. गावची पोरं मुंबईला गेली म्हणून तर हा नेपाळी गडी आला. आमचे आजोबा गिरणगावातून मनीऑर्डर धाडायचे, हा मोबाइलवरून पैसे पाठवतो. मजुरी मात्र गावच्या आणि नेपाळच्या गड्याला एकच हवी. एवढं म्हटलं की बागायतदार कलमाच्या मोहोराकडे बघत बसतो.