जुन्या गाडीत पैसे कुठे घालायचे: साधे प्लग, इरिडियम प्लग की प्लगच्या वायरी?

माझ्या काकांकडे जुनी मारुती 800 आहे, कार्बोरेटरवाली, 15 वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन रिन्यू करून अजूनही रोज नागपुरात मानेवाड्याहून सीताबर्डीला नेतात. मागच्या पावसाळ्यात ती सकाळी चालू केली की पहिली पाच-दहा मिनिटं झटके मारायची, सिग्नलवर थरथरायची, मग आपोआप ठीक व्हायची. मेकॅनिक म्हणाला इरिडियम प्लग टाका, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारे प्लगच, पण टोकाला इरिडियम धातू असलेले, टाकले, चार दिवस ऊन होतं तर बरं वाटलं आणि पाऊस आला की परत तेच. शेवटी वायरी बदलल्या तेव्हा गाडी सरळ झाली. तेव्हापासून मला कोणी विचारलं ना की जुन्या गाडीला कुठले प्लग टाकू, तर मी आधी विचारतो वायरी कधी बदलल्या होत्या, आणि बहुतेकांना ते आठवतच नाही.

व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधून करंट डेल्कोत, म्हणजे पाळीपाळीनं प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये येतो, डेल्कोतून वायरीनं प्लगपर्यंत जातो, आणि हे प्रकरण 20 हजार व्होल्टच्या आसपासचं आहे. एवढ्या व्होल्टेजला जो सोपा रस्ता सापडेल तिकडून ते पळते. वायरीच्या रबराला बारीक चीर असली आणि त्यात ओल गेली की ठिणगी प्लगमध्ये न पडता बाहेरच इंजिनच्या धातूवर पडते. बोनेट गरम झालं, ओल वाळली की गाडी शहाण्यासारखी चालते. म्हणून थंड आणि ओल्या सकाळीच मिसिंग होत असेल, म्हणजे मधेच ठिणगी चुकून झटके बसत असतील, तर माझा पहिला संशय वायरीवर आणि डेल्कोच्या कॅपवर. आणि नागपुरात रबर लवकर कडक होते, 23 मे 2013 ला इथं 47.9 डिग्री नोंदलं गेलं होतं, बोनेटखाली तर त्याच्याही कितीतरी वर, मग जूनमध्ये त्याच तडकलेल्या रबरावर पाणी. ओम्नीवाल्यांनी तर जास्तच पाहावं, इंजिन सीटखाली कोंबलेलं राहते.

तपासायला पैसे लागत नाहीत. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि दुरूनच वायरींवर स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचा हलका फवारा मारा, निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरी गेल्या. चालू इंजिनात वायरीला हात मात्र लावायचा नाही, जोरात झटका बसते. मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद करून वायर काढून मोजा, कार्बन कोअरच्या (आत तांब्याऐवजी कार्बन असलेल्या) वायरीला एक मीटर लांबीमागे साधारण 10 ते 20 किलोओहम येते, काहीच दाखवत नसेल तर आतून तुटली. ज्यांच्या गाडीत गॅस किट आहे त्यांना अजून एक खूण, गॅसला ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे पेट्रोलवर नीट आणि गॅसवर झटके असं होत असेल तर इग्निशन कमजोर झालं असण्याची शक्यता बरीच.

आता प्लगचं. साधा म्हणजे निकेलचा, त्याचं मधलं टोक अंदाजे 2.5 मिमी जाड, इरिडियमचं 0.4 किंवा 0.6 मिमी. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि इरिडियम 2400 डिग्रीच्या वर वितळते म्हणून ते टोक झिजत पण नाही लवकर. हे सगळं खरं आहे, इरिडियम वाईट असं मी म्हणतच नाहीये. पण साधा प्लग 20 ते 30 हजार किलोमीटर आरामात काढते, आणि 800 मध्ये तीन प्लग, तेही समोर हाताशी, बदलायला अर्धा तास. एका इरिडियमच्या पैशात साध्यांचा जवळपास अख्खा सेट येते. जी गाडी वर्षाला चार-पाच हजार चालते तिला त्या लांब आयुष्याचा उपयोग काय? शिवाय जुनं इंजिन थोडं ऑईल खात असेल तर प्लग झिजायच्या आधी काजळीनंच खराब होईल, मग तो निकेल असो की इरिडियम. ज्या गाडीत प्लगपर्यंत पोचायला अर्धं इंजिन सोडावं लागते तिथं मी स्वतः इरिडियमच घेईन, किंवा रोज 60-70 किलोमीटर चालवणारा असेल तर. आणि ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते तिथं वायरीच नाहीत, तो विषयच वेगळा.

नवे घ्यायच्या आधी जुने काढून बघा हो. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाऊन राहिलं, कार्बोरेटर किंवा एअर फिल्टर पाहा. ओला तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सीलचं काम, तिथं कुठलाच प्लग मदत करणार नाही. पांढराफटक म्हणजे मिक्श्चर पातळ (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) किंवा इंजिन तापून राहिलं.

वायरीत पण दोन प्रकार मिळतात. नागपूरच्या घाट रोडला साध्या रबराच्या स्वस्त सेटपासून सिलिकॉनच्या महागापर्यंत सगळं आहे, आणि इथं मात्र मी महागाकडे जाईन कारण सिलिकॉन उष्णतेला टिकते. तांब्याच्या तारेची वायर कोणी ‘ठिणगी जोरात पडते’ म्हणून देत असेल तर घेऊ नका, रेडिओत खरखर येते आणि एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) गाडीत ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला पण त्रास होऊ शकतो. प्लगचा नंबर मॅन्युअलमध्ये आहे तोच घ्या, कारण एनजीकेत नंबर वाढला की प्लग थंड होतो, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकतो, आणि बॉशमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे कंपनी बदलली आणि आकडा तोच बघून घेतला तर चूक होईल.

स्वतः करायचं का? प्लग समोर असतील तर नक्की करा. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, हेड ॲल्युमिनियमचं राहते, गरम असताना पाना लावला तर आटे जातात. वायर तिच्या टोकाची रबरी टोपी (बूट) धरून थोडी फिरवून काढायची, वायरीला धरून ओढायची नाही, आणि एका वेळी एकच, नाहीतर कुठली कुठे होती यातच संध्याकाळ होईल. प्लगच्या टोकाची गॅप (ठिणगीची फट) फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी बघा, पॉइंटवाल्या (डेल्कोत कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या) जुन्या गाडीत 0.7-0.8 मिमी, एमपीएफआयमध्ये बहुतेक 1 ते 1.1. नवा प्लग आधी हातानंच बसेपर्यंत फिरवायचा, मग पान्यानं अर्धा फेरा, फार तर त्याहून थोडा जास्त. इथं घाई करणाऱ्या गॅरेजपेक्षा तुमचा हात बरा.

बजेट मोजकंच असेल आणि वायरी चार-पाच वर्षं जुन्या असतील तर वायरी आणि साधे प्लग, इरिडियम पुढच्या वेळी. थोडे पैसे उरले तर डेल्कोची कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर पण बदला. नुसते प्लग बदलून मिसिंग तसंच ठेवलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून जाते, पीयूसीत हायड्रोकार्बनचा आकडा वाढते, आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो पण खराब होते, जो या सगळ्यापेक्षा कितीतरी महाग.

काकांच्या गाडीतून काढलेल्या वायरींपैकी जी सगळ्यात लांब होती आणि मल्टिमीटरवर बरी निघाली ती आम्ही डिक्कीत ठेवलीय, लांब असली की कुठल्याही सिलेंडरला पुरते, रामटेकला जाताना काही झालंच तर तेवढ्यावर घरी येता येईल.