अपग्रेडनंतरचे आठ महिने आणि आउटलुकचा कस्टम फॉर्म

आमच्याकडे खरेदीची मागणी आउटलुकच्या कस्टम फॉर्मवरून, म्हणजे आम्हीच बनवून घेतलेल्या मेलच्या फॉर्मवरून जाते. ऑफिस अपग्रेड झालं त्या दिवशी फॉर्म नेहमीसारखाच उघडला. रकाने, बटणं सगळं जागच्या जागी. पण ‘बेरीज करा’ दाबलं तर काहीच होईना. एरर नाही, सूचना नाही. त्याहून वाईट म्हणजे रिकामा रकाना असला की मेल अडवणारं आयटम_सेंड (मेल पाठवताना चालणारा फॉर्ममधला कोड) तेसुद्धा गप्प होतं. अर्धवट मागण्या बिनबोभाट पुढे जात होत्या आणि ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

मी कोडमध्येच चूक शोधत बसलो. शेवटी फॉर्म उघडताना चालणाऱ्या आयटम_ओपनच्या पहिल्याच ओळीत मेसेजबॉक्स, म्हणजे स्क्रीनवर सूचना दाखवणारी आज्ञा टाकली. तीही सूचना उमटली नाही, तेव्हा कळलं की स्क्रिप्ट, म्हणजे फॉर्ममधला कोड, चालतच नाहीये. सप्टेंबर 2017 च्या सुरक्षा अपडेटपासून आउटलुकमध्ये कस्टम फॉर्मची स्क्रिप्ट मुळातच बंद असते. मेलमधून आलेला कोड आपोआप चालू नये हे मला पटतं. आमच्या जुन्या मशीनवर मात्र ते अपडेट कधी पडलंच नव्हतं.

ती चालू करायला रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) दोन नोंदी लागतात. ‘डिसेबलकस्टमफॉर्मआयटमस्क्रिप्ट’ 0 करायचं आणि ‘ट्रस्टेडफॉर्मस्क्रिप्टलिस्ट’मध्ये फॉर्मचा मेसेज क्लास (आउटलुकमधलं त्याचं अंतर्गत नाव) अक्षर न् अक्षर लिहायचा. माझा अख्खा दिवस पहिल्या नोंदीनेच खाल्ला: विंडोज 64 बिट, ऑफिस 32 बिट, म्हणजे ती वॉव6432नोड या 32 बिट प्रोग्रॅमसाठीच्या रजिस्ट्रीच्या शाखेखाली हवी होती.

एवढं करूनही दोघांकडे फॉर्म मुकाच. ते डेस्कटॉपवर ठेवलेल्या टेम्प्लेट फाइलवरून तो उघडत होते, आणि पब्लिश न केलेल्या, म्हणजे आउटलुकमध्ये रीतसर नोंदवून न ठेवलेल्या फॉर्ममधली स्क्रिप्ट चालत नाही. आणखी एकीकडे जुनीच आवृत्ती उघडत होती, तिथे फॉर्म कॅशे (मशीनवर साठलेल्या फॉर्मच्या प्रती) साफ केल्यावर काम झालं.

त्यानंतर आजवर एकदाही अडलेलं नाही. फॉर्मवर माझा जीव आहे, पण नव्या आउटलुकमध्ये कस्टम फॉर्म चालत नाहीत आणि ही स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढून टाकणार हे ऑक्टोबर 2023 मध्येच जाहीर झालंय. त्यामुळे नवा फॉर्म कुणी मागितला तर मी स्पष्ट नाही म्हणतो. रिकाम्या रकान्यांची तपासणी आता मागणी स्वीकारणाऱ्या टोकाला हलवतोय. तिथलं काम निम्मं झालंय. तोवर दर अपडेटनंतर सकाळी पहिलं काम म्हणजे एक रकाना मुद्दाम रिकामा ठेवून ‘पाठवा’ दाबायचं आणि मेल अडतो का ते बघायचं.