स्लो लागत नाही: जुन्या अमलला स्लीव्ह की नवा मिकुनी?

जुन्या ब्रिटिश सिंगलचा (एक सिलिंडरच्या मोटारसायकलचा) कार्बोरेटर घासला, की स्लो लागत नाही, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिन एकसारखं हळू चालत राहत नाही, आणि मालकापुढे दोन रस्ते राहतात. आहे तोच अमल कंपनीचा मूळ कार्बोरेटर लेथवर नेऊन स्लीव्ह करून घ्यायचा, म्हणजे घासलेल्या भागावर धातूची नळी चढवून घ्यायची, नाहीतर जपानी मिकुनी व्हीएम आणून बसवायचा. मी दोन्ही करून पाहिलं, तेही एकाच गाडीवर. गाडी १९५६ ची, ३५० सीसी, मॅग्नेटोवाली (ठिणगीची वीज स्वतः तयार करणारी). कार्बोरेटर एक इंची अमल मोनोब्लॉक. १९६७ पासून आलेला अमलचाच कॉन्सेंट्रिक ज्यांच्या गाडीवर आहे त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

माझी तक्रार साधी होती. गाडी थांबली की उजवा हात थ्रॉटलवरून काढता यायचा नाही. काढला की दोनपैकी एक व्हायचं: इंजिन बंद, नाहीतर रेस चढून तशीच लटकलेली. चष्मा सारायचा तर डाव्या हाताने, पण तो क्लचवर. असं वर्षभर चालवलं.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी टॅपेट, पॉइंटचा गॅप, टायमिंग आणि प्लग बघून घ्या, हे वेगळं सांगायला नको. त्यानंतर मात्र एक गोष्ट करा. बेलमाउथमधून (हवा आत घेणाऱ्या तोंडातून) करंगळी घालून बंद स्लाइड, म्हणजे थ्रॉटलने वरखाली होणारा दट्ट्या, मागेपुढे हलवा. माझी स्लाइड टकटक वाजत होती. इंजिन चालू असताना तोच आवाज स्लोवर ऐकू यायचा आणि मी तो टॅपेटचा समजत होतो! मूळ अमलची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आणि स्लाइडही त्याच धातूची, त्यामुळे दोन्ही एकमेकांना खात जातात. साठ-पासष्ट वर्षं कुणी वापरल्यावर त्याला दोष तरी काय द्यायचा. मग स्लाइडच्या कडेने हवा आत जाते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी पडतं) आणि रेस लटकते. ती उतरवायला आपण स्टॉप स्क्रू (स्लाइड किती खाली येईल ते ठरवणारा) सैल करतो, तर गाडी बंद पडते. पुन्हा आवळला की स्लाइड इतकी वर राहते की पायलट सर्किटच्या, म्हणजे स्लोला पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक मार्गाच्या, हातात काही उरत नाही. पायलटची हवा कमीजास्त करणारा एअर स्क्रू दोन फेऱ्या फिरवूनही इंजिनच्या आवाजात फरक पडत नसेल, तर एकतर पायलटचा मार्ग बुजलाय, नाहीतर स्लाइड गरजेपेक्षा जास्त उघडी आहे.

कार्बोरेटर इंजिनला जोडणारा चपटा फ्लँजही तपासा. जोर लावून आवळलेल्या नटांनी तो केळ्यासारखा वाकतो. स्टीलची पट्टी आडवी धरली की फटीतून उजेड दिसतो. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासला, ओ-रिंग नवी घातली की काम झालं. माझा फ्लँज वाकलेला होता आणि तो सपाट केल्यावर निम्मा त्रास गेला, हेही प्रामाणिकपणे सांगतो. काहींचा तेवढ्यावरच पूर्ण जाईल आणि हा लेख वाचायची गरज उरणार नाही.

माझा पूर्ण गेला नाही, म्हणून आधी मिकुनी बसवला, २६ मिलिमीटरचा. त्यासाठी अडॅप्टर आणि रबराची नळी लागली, केबलचं टोक बदलावं लागलं. पहिल्या दिवशी वाटलं, इतकी वर्षं उगाच हाल काढले. अमलला थंड इंजिन चालू करायचं म्हणजे टिकलर (कार्बोरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल आणणारं बटण) दाबून धरायचा, पेट्रोल बोटांवरून ओघळेपर्यंत. मग दिवसभर हाताला वास. मिकुनीला छोटा लिव्हर वर करायचा, थ्रॉटल बंद ठेवायचा, किक मारायची. बोटं कोरडी. स्लोही लागला आणि उजवा हात मोकळा झाला. ज्याला गाडी रोज काढायची आहे, त्याला एवढं पुरेसं वाटलं तर मी वाद घालणार नाही.

बारीक कुरबूर होती ती वेगळीच. स्लोवरून थ्रॉटल हळूच उघडला की गाडी क्षणभर अडखळायची, मग पुढे जायची. हे कट-अवेचं (स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेल्या कापाचं) आणि पायलटचं दुखणं. थ्रॉटलचा पहिला अष्टमांश पायलटचा, तिथून पावपर्यंत स्लाइडच्या कट-अवेचा, पाव ते पाऊण पिनचा (स्लाइडला लटकलेल्या सुईचा) आणि उरलेला मेन जेटचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य भोकाचा), असा ढोबळ हिशेब सगळ्यांना माहीत असतो. गोम आकड्यांत आहे. अमलच्या स्लाइडवर ३ लिहिलंय, म्हणजे कट-अवे ३/१६ इंच, जवळजवळ ४.८ मिलिमीटर. मिकुनीच्या स्लाइडवर ३.० लिहिलंय, म्हणजे सरळ ३ मिलिमीटर. पायलट जेटचंही तसंच: अमलचा २५ आणि मिकुनीचा २५ यांचा एकमेकांशी संबंध नाही. गाडीच्या जुन्या पुस्तकात जेट, पिन, खाच, स्लाइड सगळं छापलेलं असतं, पण ते अमलचं. मिकुनी बसवला त्या दिवसापासून ते पान निकामी झालं. दुसऱ्यांचे आकडे मागून घेता येतात, मीही घेतले. तीन जणांचे तीन वेगळे निघाले.

अडखळणं मी चालवून घेतलं असतं. पण चार-पाच महिन्यांनी नवीन प्रकार सुरू झाला. गाडी थंड असताना उत्तम, अर्धा तास चालवून थांबलो की स्लो ढासळतो, बंद पडते आणि गरम इंजिन चालू व्हायला दहा किका. कार्बोरेटर अजून पूर्ण सेट नव्हता, त्यामुळे संशय साहजिकच त्याच्यावर. पायलट २५ चा ३० केला, मग ३५. प्लग काळा पडला म्हणून परत २५, मग २०. पिन एक खाच वर, एक खाच खाली. रबराच्या नळीला कुठे चीर आहे का म्हणून जोडावर क्लीनरचा फवारा मारून रेस बदलते का ते पाहिलं, नाही बदलली. सहा रविवार गेले. सातव्या रविवारी वैतागून गरम गाडीचा प्लग काढून सिलिंडरच्या हेडला टेकवला आणि किक मारली. ठिणगी पिवळट, अशक्त, कधी येते कधी नाही. मॅग्नेटोचा कंडेन्सर गरम झाला की मान टाकत होता. तो मॅग्नेटोच्या फिरत्या गाभ्याच्या, म्हणजे आर्मेचरच्या, आत बसवलेला असतो, त्यामुळे सहसा कुणी तिथपर्यंत जात नाही.

यात मिकुनीची चूक काहीच नव्हती. पण माझा निर्णय इथेच फिरला. पुस्तकातल्या आकड्यांवर बसलेला, न घासलेला अमल गाडीवर असता, तर मी एका सकाळी कार्बोरेटर बाजूला ठेवून थेट ठिणगीकडे गेलो असतो. मिकुनीवर प्रत्येक दुखण्याला दोन संशयित, आणि पहिला कायम मीच बसवलेला.

म्हणून मग मोनोब्लॉक स्लीव्ह करायला दिला. बॉडीचा बोअर सरळ करून घेतला, स्लाइड थोडी टर्न करून तिच्यावर पितळी स्लीव्ह चढवली. पहिल्याने केलं त्याने इतकी घट्ट बसवली की इंजिन तापल्यावर स्लाइड अर्ध्यात अडकली. थ्रॉटल सोडूनही गाडी पळतेय, हा अनुभव एकदा पुरे. दुसऱ्याकडून नीट करून घेतली. हा धोका स्लीव्हच्या बाजूने मोठाच आहे: काम हातावर अवलंबून असतं आणि चांगला हात पटकन सापडेलच असं नाही. स्लाइड वरून सोडली तर स्वतःच्या वजनाने सरळ खाली यायला हवी, आणि करंगळीला खडखड लागता कामा नये. कट-अवेची बाजू बेलमाउथकडे आहे ना, तेही बसवताना पाहा. हसू नका, मी एकदा उलटी बसवायला निघालो होतो.

पायलट जेट आणि त्याच्या पुढची दोन बारीक भोकं गिटारच्या सगळ्यात पातळ तारेने साफ केली. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल आणि गाडी उभी राहिली, तर तिथेच पांढरी भुकटी धरते. कॉन्सेंट्रिकमध्ये नंतरच्या काळात पायलट जेट ठोकून बसवलेला आला. तो निघत नाही, स्क्रूच्या भोकातून ०.०१६ इंची ड्रिल हाताने घालून साफ करावा लागतो. ते काम कंटाळवाणं आहे, पण एकदा जमलं की जमतं. एअर स्क्रू दीड फेरी बाहेर ठेवून सुरुवात केली. आत घेतला की मिश्रण जाड, बाहेर काढला की पातळ. आठव्या भागाने इकडेतिकडे करत इंजिन सर्वात मोकळं वाजलं तिथे सोडला. मॅग्नेटोचा लिव्हर थोडा मागे घेतला (ठिणगी उशिरा पडेल असा केला) की स्लो इतका खाली येतो की प्रत्येक ठोका मोजता येतो.

कंडेन्सर तोपर्यंत बदललेला होता, तेव्हा अमलला त्याचाही फायदा मिळाला, हे कबूल. बोटांना पेट्रोलचा वास परत आलाय. तुमच्या बॉडीला चीर असेल, आधी कुणी वाकडातिकडा बोअर करून ठेवला असेल किंवा लेथवाला भरवशाचा नसेल, तर मिकुनी घ्या. नव्याने बनवलेला अमल प्रीमियरही मिळतो, त्याची स्लाइड अनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची असते. मी तो वापरलेला नाही.

मिकुनी मी विकला नाही. फडक्यात गुंडाळून सगळ्या जेटसह डब्यात ठेवलाय आणि झाकणावर मार्करने लिहिलंय: पायलट २०, कट-अवे २.५, पिन मधली खाच. सहा रविवारांतलं एवढंच कामाचं निघालं.