सभागृहाची जागा: वाड्यातली की भाटातली?

गोव्यातल्या आमच्या भजनी मंडळाच्या सभागृहासाठी दोन जागा समोर आहेत: एक वाड्यात, म्हणजे गावच्या वस्तीत, आणि दुसरी भाटात, म्हणजे पोफळीच्या बागायतीत. वाड्यातली लहान जागा प्रादेशिक आराखडा २०२१ नुसार सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीसाठी ठेवलेल्या भागात येते. नगर नियोजन खात्याची मान्यता, रूपांतराची सनद (जमीन बिगरशेती वापरासाठी बदलण्याची परवानगी) आणि पंचायतीचा परवाना घेतला की काम सुरू. अडचण गाड्या लावण्याची. शिवाय घरे चिकटून आहेत. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक दोन्हीकडे बंदच, पण इथे आधीचा आवाजही शेजाऱ्यांच्या घरात शिरतो.

भाट ऐसपैस आणि स्वस्त, पण ऑर्चर्ड झोनमधले, म्हणजे बागायतीसाठी ठेवलेले. २०२४ मध्ये गोव्याच्या नगर नियोजन कायद्यात आलेल्या ३९-अ कलमाखाली झोन बदलासाठी अर्ज करता येतो. लोकांच्या हरकती मागवल्या जातात. पोफळी तोडून तिथे टाळ वाजवायला माझे मन धजत नाही. वाड्यातलीच जागा घ्यावी. म्हातारी माणसे चालत येतील.