ग्लो, डिझेल की पेट्रोल: छोट्या इंजिनात काय घालायचं?

मॉडेल विमानाचं जुनं इंजिन हाती आलं की आधी त्याचं डोकं बघा. वर बारीकसा ग्लो प्लग असेल तर मिथेनॉल. प्लगच नाही, उलट घट्ट-सैल करायची आडवी दांडी आहे, तर ते मॉडेल डिझेल. प्लगला जाड वायर आणि इग्निशनचा डबा असेल तर पेट्रोल. यात अदलाबदल नाही. ग्लो प्लगची प्लॅटिनमची तार दीड व्होल्टवर तापवायची. नंतर बॅटरी काढली तरी मिथेनॉलची वाफ तिला लालबुंद ठेवते. पेट्रोलला ते जमत नाही.

ग्लो इंजिनवाल्यांचा सगळा वाद नायट्रोमिथेनवर, म्हणजे मिथेनॉलमध्ये ताकदीसाठी मिसळायच्या रसायनावर. किती टक्के घालू? माझ्या मते हा प्रश्न दुसरा, पहिला इंधनात मिसळायच्या तेलाचा. एफ-2ए या वेगाच्या कंट्रोल लाइन (तारेला बांधून गोल उडवायच्या विमानांच्या) स्पर्धेत 2.5 सीसीचं इंजिन 80 टक्के मिथेनॉल आणि 20 टक्के एरंडेलावर चालतं, नायट्रोचा थेंब नाही, तरी विमान ताशी 280 किलोमीटरच्या पुढे जातं. अर्थात ती इंजिनं त्याच मिश्रणासाठी घडवलेली असतात. आपल्या 40-46 साइजच्या, म्हणजे साडेसहा-साडेसात सीसीच्या इंजिनाला 5 ते 10 टक्के नायट्रो पुरे: आयडलिंग स्थिर राहतं, सुरू करताना बोटं कमी दुखतात. पाऊण सीसीचं चिमुकलं इंजिन मात्र 15-20 टक्क्यांशिवाय रुसून बसतं.

आता तेल. एरंडेल जळून पिस्टनवर तपकिरी लुकण चढवतं, विमान चिकट होतं, शर्टाचा वास जात नाही. सिंथेटिक स्वच्छ. पण नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) जास्त आवळली जाऊन इंजिन लीन, म्हणजे कमी इंधनावर, धावलं आणि तापलं, की सिंथेटिक आधी हात टेकतं. एरंडेल धातूला धरून राहतं. शिकणाऱ्याकडून नीडल चुकणारच. म्हणून एकूण 18-20 टक्के तेल आणि त्यात निदान चौथा हिस्सा एरंडेल, यावर मी अडून बसतो. पोलादी स्लीव्ह (सिलिंडरचं अस्तर) आणि लोखंडी पिस्टनचं जुनं इंजिन असेल तर निम्म्याहून जास्त एरंडेल घाला. आरसी (रिमोटवरच्या) कारच्या तयार इंधनात तेल कमी असतं, ते विमानाच्या इंजिनात नको. एका मित्राने मिथेनॉलमध्ये स्कूटरचं टू-स्ट्रोक ऑइल घातलं होतं. ते विरघळतच नाही. बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसत होता. त्याने हलवून हलवून भरलं. पिस्टन तिसऱ्या मिनिटाला जाम.

मॉडेल डिझेलचा पंपावरच्या डिझेलशी संबंध नाही. इथर, रॉकेल, एरंडेल सारख्या भागांत, वर एक-दोन टक्के ज्वलन सुधारणारं नायट्रेट. रॉकेल आणि एरंडेल एकमेकांत नीट मिसळत नाहीत. त्यांची सोयरीक इथर जुळवतं. आणि इथर 34.6 अंशांना उकळतं. मे महिन्यात नागपूरच्या मैदानावर झाकण उघडं राहिलं तर संध्याकाळी उरतं ते इंजिन न सुरू करणारं मिश्रण. मॉडेल डिझेलला बॅटरी लागत नाही, छोट्या इंजिनातही मोठा पंखा दमदार फिरतो, थेंबभर इंधनात बराच वेळ उडतं. पण इथर मिळवणं आणि सांभाळणं हे रोजचं काम होऊन बसतं. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत लांबपर्यंत पसरते. जवळपास कुणी विडी ओढत असेल तर बाटली उघडूच नका.

पेट्रोल सगळ्यात स्वस्त आणि पंपावर मिळणारं. मिथेनॉल जवळपास दुप्पट लागतं, त्यामुळे मोठ्या विमानाला पेट्रोलच परवडतं. 20 सीसीच्या खाली मात्र इग्निशनचा डबा आणि बॅटरीचं वजनच जड होतं. पंपावर इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळतं, तेव्हा महिनाभर टाकीत ठेवू नका. कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा कडक होतो.

नवख्याने पहिलं इंजिन घ्यायचं तर 40-46 साइजचं ग्लोच घ्यावं. मिथेनॉल विषारी पदार्थ म्हणून परवान्याखाली विकलं जातं, तेव्हा तयार इंधन मिळालं तर तेच बरं. त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही, हात भिजले तर लगेच धुवा, झाकण घट्ट लावा, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. दिवसअखेर टाकी रिकामी करून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवा आणि कार्ब्युरेटरमधून चार थेंब तेल सोडून हाताने फिरवा. कोकणातल्या पावसाळ्यात हे राहिलं तर बेअरिंग दोन आठवड्यांत खरखरायला लागतं. नळी सिलिकॉनची घ्या. पेट्रोलवर गेलात तर ती बदला, पेट्रोलमध्ये ती फुगून निसटते.